साखर घालू नका

त्या घरात रोज सकाळी चहा दोन भांड्यांत व्हायचा. एकात सगळ्यांचा, दुसऱ्यात सासूबाईंचा, बिनसाखरेचा. नवखं माणूस घरी आलं की हमखास विचारायचं, "आजींना शुगर आहे का हो?"

"शुगर नाही, नेम आहे," सासूबाई स्वतःच सांगायच्या. "पण चव तीच!"

आणि मग दोन्ही हातांनी कप धरून इतक्या चवीने प्यायच्या, की समोरच्याला वाटावं, आपल्याच चहात काहीतरी कमी पडलं.

नेम घेतला होता तो धाकट्या सुनेसाठी. थोरली परगावी असायची, आणि हिला घरात सगळे धाकटीच म्हणत. लग्न होऊन केस पांढरे व्हायला लागले तरी ती धाकटीच राहिली. एकदा साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताप डोक्यात गेला. दवाखान्यातल्यांनी मान हलवली. तेव्हा तिथल्या व्हरांड्यात, औषधांच्या वासात, सासूबाईंनी डोळे मिटून देवाला सांगितलं होतं, ही आपल्या पायांनी घरी येऊ दे, मी नदीवर येऊन तुझ्या दारात बुडी मारीन, तोवर गोड तोंडात घालणार नाही.

धाकटी आपल्या पायांनी घरी आली. सासूबाईंचं जाणं मात्र राहिलं. आधी सासऱ्यांचं आजारपण, मग नातवंडांच्या परीक्षा, मग स्वतः सासूबाईच न्हाणीघरात पडल्या आणि खुबा मोडला. त्या वॉकर धरून चालू लागल्या, पण साखरेच्या डब्याला त्यांचा हात लागला नाही. नेम धरलेल्या बाईला विचारा. देवाच्या दारात जाताना तो कधीच जड वाटत नाही. तो जड होतो रोजच्या सकाळी, कोणी बघत नसताना.

शेवटी यंदा जायचं ठरलं. नदीकाठच्या त्या पवित्र शहराला जाणाऱ्या बसमध्ये दोन जागा घेतल्या, एक सासूबाईंची, एक धाकटीची. सासूबाईंनी तयारीला सुरुवात केली ती चष्म्यापासून.

"नदी नीट दिसायला हवी गं. नाहीतर जायचं एवढ्या लांब आणि बघायचं काय, धुकं?"

धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची. पुढे काउंटरवर नाही, मागच्या छोट्या खोलीत. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, नाकाच्या पट्ट्या वाकवायच्या, तीळभर स्क्रू चिमट्याने उचलून जागेवर लावायचे. सासूबाईंचा चष्मा तिने स्वतः केला. काच बसवून ती दिव्यासमोर धरून पाहिली, एक ओरखडा नाही. घरी नेऊन त्यांच्या नाकावर चढवला, तशी सासूबाईंनी तिच्याकडेच निरखून पाहिलं. "अगंबाई, तू एवढी दमलेली दिसतेस होय!"

दोघी हसल्या. पण ते खरं होतं.

निघायच्या आधी गल्लीतल्या डॉक्टरांना विचारायचं होतं. तपासून झाल्यावर सासूबाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या आणि धाकटी चिठ्ठीसाठी आत थांबली. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "घेऊन जा की खुशाल. तिथे खुर्चीवरून पाण्यापर्यंत नेतात. शाल न्या, गोळ्या चुकवू नका. बस्स."

दार ढकलून ती बाहेर आली. समोर बाक, बाकावर सासूबाई, मांडीवर पर्स, नाकावर नवा चष्मा, आणि तोंडाने न विचारता सगळ्या चेहऱ्याने विचारलेला प्रश्न.

दार ते बाक, एवढंच काय ते अंतर. पण तेवढ्यात धाकटीच्या डोळ्यांपुढून सगळा प्रवास सरकून गेला. बसमध्ये चढवणं, उतरवणं, संडास कुठे आहे ते विचारणं, पंखा वाढव, पंखा कमी कर, उशी दे, अगं धाकटे, अगं धाकटे. घरात निदान भिंती ओळखीच्या होत्या.

"नाही म्हणाले," ती म्हणाली.

म्हणायचं ठरवलं नव्हतं. हातातून भांडं निसटावं तसं निसटलं. आणि निसटलेलं भांडं वाकून उचलायचं सोडून ती तशीच उभी राहिली.

सासूबाईंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "बरं," म्हणाल्या. घराच्या जिन्यावर त्या थांबल्या.

"मग तू जा. माझ्या नावाने तू बुडी मार."

"आई, मी एकटी कशाला..."

"ऐक. माझ्या सासूबाई सांगायच्या, ज्याला खरंच जाता येत नाही, त्याच्या नावाने दुसऱ्याने केलेलं देव मानून घेतो. पाय असून आळस केला, तर नाही. पण आता डॉक्टरच नाही म्हणाले. म्हणजे माझ्याकडून खोटेपणा नाही." एवढं बोलून त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तुझी बुडी झाली की फोन कर. मी इकडे चहा घेऊन बसते. तू म्हण झालं, की मी साखर घालते."

धाकटीने तेव्हाच सांगायला हवं होतं. जिन्यावर सांगता आलं असतं, रात्री पाय चेपताना सांगता आलं असतं, बॅग भरताना तर सासूबाई स्वतः शेजारी बसून लोकरीचे मोजे देत होत्या. प्रत्येक वेळी शब्द ओठांपर्यंत यायचे आणि प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी बोललं जायचं. मोजे कुठे ठेवू, असं काहीतरी.

*

बसमध्ये सासूबाईंच्या जागेवर निवृत्त मास्तरीणबाई आल्या. दोन्ही गुडघे बदललेल्या, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"खिडकी तू घे. मला पाय लांब लागतात. गुडघे स्टीलचे आहेत माझे, पाण्यात गंजले तर कंपनीकडे परत."

खरं सांगायचं तर, पहिल्या दिवशी धाकटीला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोला. जेवताना मधे उठावं लागलं नाही. दुपारी मान खिडकीला टेकून ती झोपली, आणि जाग आली तेव्हा कोणी तिला उठवलेलं नव्हतं, तिची तिलाच जाग आली होती. असं शेवटचं कधी झालं होतं, ते तिला आठवेना.

संध्याकाळी शहर आलं. लॉजच्या काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "वयस्कर कोणी आहे का बरोबर? खालच्या मजल्यावर खोली देतो. भिंतीला धरायला दांडा आहे, बाथरूममध्ये खुर्ची आहे."

"नाही," धाकटी म्हणाली.

"अहो, मी काय कॉलेजात जाते का?" मास्तरीणबाई कडाडल्या. किल्ली त्यांना खालच्या खोलीचीच मिळाली. दोघींची खोली एकच.

खोली खरंच तशी होती. पलंग बुटके. दाराला उंबरठा नाही. न्हाणीघरात पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची, भिंतीला स्टीलचा दांडा, खाली रबराची जाळी. धाकटी दांड्याला हात लावून उभी राहिली. थंडगार होता. घरच्या न्हाणीघरात तिने असा दांडा बसवून घ्यायचं म्हटलं होतं, खुबा मोडल्यानंतर. राहूनच गेलं होतं.

"बाथरूममध्ये झोपलीस का गं?" बाहेरून हाक आली.

काळोख पडायच्या आत सगळे नदी बघायला बाहेर पडले. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना दुकानं, एक न्हावी दारातच खुर्ची टाकून कोणाची दाढी करत होता, ओले कपडे वरून गळत होते. शेवटच्या वळणावर रस्ता एकदम संपला आणि समोर नदी. रुंद, संथ, फिकट जांभळी. धाकटीचे हात आपोआप जोडले गेले. डोळे भरून आले. क्षणभर सगळं विसरायला झालं.

मग तिचं लक्ष पायऱ्यांच्या कडेला गेलं. पायऱ्यांच्या शेजारून पार पाण्यापर्यंत सिमेंटचा उतार केलेला होता, दोन्हीकडे कठडे. उतारावरून दोन गडी एका खुर्चीला पुढून-मागून धरून खाली नेत होते. खुर्चीत एक म्हातारी होती, सासूबाईंपेक्षा कितीतरी थकलेली, मान लटलट हलत होती. पाण्याशी खुर्ची टेकवली, तिच्या पावलांवरून पाणी गेलं, आणि म्हातारी लहान मुलीसारखी खिदळली.

"बघ," मास्तरीणबाई म्हणाल्या. "किती सोय आहे! घरी कोणी म्हातारं आहे का तुझ्या?"

"सासूबाई आहेत."

"मग आणायचं होतंस की!"

"डॉक्टर नाही म्हणाले."

दुसऱ्यांदा बोलली ती. पहिल्यांदा निसटलं होतं. या वेळी मात्र चांगलं विचार करून, शब्द जुळवून बोलली होती. ते तिचं तिलाच ऐकू आलं.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी तो त्याच्या हातातून ओढूनच घेतला. "दाखव, दाखव नदी. व्हिडिओ लाव."

धाकटीने फोन उचलून पाण्याकडे धरला. नुसत्या पाण्याकडे.

"केवढी गं! आणि लोक कुठे आहेत? जरा बाजूला फिरव ना."

उजवीकडे फिरवला असता तर उतार दिसला असता. खुर्च्या दिसल्या असत्या, हसणारी म्हातारी दिसली असती. नवा चष्मा होता, काचेवर ओरखडा नव्हता. सगळं स्वच्छ दिसलं असतं.

"अंधार पडतोय, आई. दिसायचं नाही," म्हणत धाकटीने फोन डावीकडे वळवला. तिकडे रिकामी होडी होती.

"पायऱ्या फार उंच आहेत का?"

"हो."

"तरीच," सासूबाई म्हणाल्या. "तरीच डॉक्टर नाही म्हणाले. हुशार माणूस."

*

पहाटे धुकं होतं. मास्तरीणबाई कुरकुरत, देवाला आणि गुडघ्यांना एकाच दमात हाका मारत पाण्यात उतरल्या, बुडी मारून धापा टाकत वर आल्या, अंग पुसून, शाल पांघरून सगळ्यांच्या पिशव्या राखत पायरीवर बसल्या. धाकटीची पिशवी आणि फोनही त्यांच्याच मांडीवर.

धाकटी साखळी धरून उतरली. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला आलं. एवढं गार, की श्वास मधेच अडकला. तिने डोळे मिटले. आधी सासूबाईंचं नाव घ्यायचं, मग बुडी. एवढंच काम. पण ओठ हलेनात. ज्याला खरंच जाता येत नाही, त्याच्या नावाने. देवाला काय सांगायचं होतं तिने? सासूबाई येऊ शकत नव्हत्या? उतारावरून खुर्च्यांची चाकं कडकडत खाली येत होती, आणि ती आंधळी नव्हती. देवही आंधळा नव्हता.

बुडी मारली तर सासूबाई तिकडे साखर घालणार. इतक्या वर्षांचा नेम, जो हिच्या जिवासाठी धरला होता, तो हिच्याच खोटेपणावर सुटणार. आणि त्यांना कळणारही नाही. त्या तो कप समाधानाने संपवतील. तेच तर तिला सहन होईना.

तेवढ्यात वर पायरीवर फोन वाजला.

मास्तरीणबाईंनी कोणाला न विचारता उचलला. "हॅलो! हो, हो, पाण्यातच आहे हो! काय? आजी कप घेऊन बसल्यात?" त्यांनी हनुवटी वर करून धाकटीकडे पाहिलं. धाकटी कमरेपर्यंत ओली, साखळीला धरलेली. मास्तरीणबाईंनी ठरवून टाकलं. "झालीच म्हणून सांगा! घाला साखर! अहो घाला, हात आखडू नका, चांगली दोन चमचे घाला!"

"नका!" धाकटी ओरडली.

शेजारच्या बायका दचकून बाजूला सरकल्या. ती पाणी कापत, घसरत, साडी सावरायचंही भान न ठेवता वर धावली. "साखर घालू नका! आई, साखर घालू नका!"

"अगं, काय झालं? शुगर आहे का त्यांना?" मास्तरीणबाई घाबरून म्हणाल्या.

धाकटीने फोन हिसकावून घेतला. पाण्याचे थेंब त्याच्यावर गळत होते. "आई, साखर घातली का?"

"चमचा हातात आहे," सासूबाईंचा आवाज आला, हसरा. "का गं, मुहूर्त बघायचाय?"

"माझी बुडी झाली नाही. तुमच्या नावाने मला मारताच यायची नाही." तिचे दात वाजत होते. "डॉक्टर नाही म्हणाले नव्हते, आई. मी खोटं बोलले."

पलीकडे डब्यात चमचा पडल्याचा आवाज आला, आणि झाकण लावल्याचा.

"काय म्हणाले होते? जसंच्या तसं सांग."

"घेऊन जा खुशाल म्हणाले. खुर्चीवरून नेतात म्हणाले. शाल न्या, गोळ्या चुकवू नका म्हणाले."

"आणि नेतात? खुर्चीवरून?"

"नेतात." धाकटीला रडू आवरेना. "उतार आहे. काल मी तुम्हाला मुद्दाम दाखवला नाही."

"का केलंस असं?"

सांगण्यासारखी कारणं पुष्कळ होती. तुमच्या तब्येतीची काळजी, थंडी, प्रवासाचे हाल. धाकटी त्यांच्यातलं एक उचलणारच होती. पण पाय अजून ओले होते, नदी पुढ्यात होती.

"मला दोन दिवस कोणी हाक मारायला नको होतं."

पिशवीतला टॉवेल काढून मास्तरीणबाईंनी तिच्या खांद्यावर टाकला, आणि जन्मात पहिल्यांदाच बहुतेक, काही न बोलता नदीकडे बघत बसल्या.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. दवाखान्याच्या बाकावर म्हणाल्या होत्या, अगदी तसंच. "तुझी अंघोळ तू करून ये. माझं नाव घेऊ नकोस." आणि फोन बंद झाला.

धाकटीला बुडी मारवली नाही. तिने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि ती वर आली.

*

घरी परतल्यावर सासूबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं, असं धाकटीला वाटे. त्या नुसत्या सभ्य झाल्या. "पाणी मिळेल का?" असं विचारू लागल्या, परक्याच्या घरी विचारावं तसं. उशी हवी असली तर लेकाला सांगत. आणि 'अगं धाकटे' ही हाक बंद झाली. ज्या शांततेसाठी तिने एवढं केलं, ती आता घरभर पसरून राहिली होती. दुपारी पडली की झोप मोडायला कोणी नव्हतं, आणि झोपही नव्हती.

नवरा एकदा म्हणाला, "अगं, होतं असं. मी समजावतो आईला."

"तुम्ही मधे पडू नका," ती म्हणाली. "तुम्ही दांडा बसवणारा बघा, न्हाणीघरात."

दांडा बसला. सासूबाईंनी तो धरला, पण त्यावर काही बोलल्या नाहीत. सकाळी दोन भांड्यांत चहा होतच होता.

मग एके दिवशी धाकटी दुकानातून आली, तर सासूबाई बाहेर जायची साडी नेसून, पर्स घेऊन बसलेल्या. "डॉक्टरांकडे जायचंय. या वेळी मी आत जाईन. तू बाहेर बसायचंस."

ती बाहेर बसली. तोच बाक. मांडीवर सासूबाईंची पर्स. आतून बोलण्याची गुणगुण येत होती, शब्द लागत नव्हते. मधे एकदा डॉक्टर हसल्यासारखं वाटलं, मग वाटलं, खोकले असतील. थंडी वाढली होती, सासूबाईंचा दम परवा जिन्यात लागला होता. आता नको म्हणाले तर? जाता येण्यासारखे दिवस होते तेव्हा ते आपण खाल्ले. हे तिच्या मनात आलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं.

दार उघडलं. वॉकर आधी, मागून सासूबाई.

"काय म्हणाले?" धाकटी उठून उभी राहिली.

सासूबाई तिच्यासमोर येऊन थांबल्या. तिनेच बसवलेल्या काचांतून तिच्याकडे बघत म्हणाल्या, "नाही म्हणाले."

धाकटीच्या हातातून पर्स सुटली. खरं का, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या तोंडाने विचारणार होती? ती खाली बघत राहिली. पर्समधला रुमाल, गोळ्यांची पाकिटं, किल्ल्या फरशीवर पसरल्या होत्या. त्या उचलायला ती वाकली नाही.

"असं होतं पोटात," सासूबाई म्हणाल्या. "आता कळलं?"

तिने मान हलवली. डोळ्यांतून पाणी थेट फरशीवर पडलं.

"घेऊन जा म्हणाले," सासूबाई जरा थांबून म्हणाल्या. "थंडी ओसरली की. शाल न्या म्हणाले. आणि त्या खुर्चीला हात टेकायला काही असतं का, ते त्यांना ठाऊक नाही. तू बघितलंयस ना?"

"असतं," धाकटी म्हणाली. "दोन्ही बाजूंना असतं."

"मग झालं." सासूबाईंनी वॉकर पुढे टाकला, आणि फरशीवरच्या पसाऱ्याशी येऊन अडकल्या. "बघत काय उभी राहिलीस, अगं धाकटे? उचल ते. आणि हात दे मला. घरी जाऊन चहा टाकायचाय."